१५० डॉलरमधलं ख्रिसमस गाव: आगगाडी, पुठ्ठ्याची घरं आणि एक जुना मोबाईल चार्जर

आम्ही अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात लीहाय व्हॅलीत राहतो, बेथलेहेम शहराच्या जवळ, आणि या भागात डिसेंबर आला की आगगाडीवालं ख्रिसमस गाव मांडणं म्हणजे आपल्याकडे दिवाळीला किल्ला करण्यासारखंच आहे. १७४१ मध्ये मोरेव्हियन या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी बेथलेहेम वसवलं आणि त्याच वर्षी नाताळच्या आदल्या रात्री गावाला हे नाव मिळालं. हे लोक शेवाळ, दगड, लाकडी बाहुल्या मांडून येशूजन्माचा देखावा करायचे, त्याला पुट्झ म्हणतात, आणि इथल्या मोरेव्हियन चर्चमध्ये तो अजूनही दर डिसेंबरला बघायला मिळतो. पुढे घरोघरच्या देखाव्यांत घरं आली, गोठलेलं तळं आलं, आणि विसाव्या शतकात विजेवर चालणाऱ्या खेळण्यातल्या गाड्या आल्या तेव्हा झाडाभोवती रूळही आले.

तर आमच्या टाऊनच्या लायब्ररीला मुलांच्या विभागात असं गाव हवं होतं. बजेट १५० डॉलर, त्यावर एक सेंटही नाही. जागा म्हणजे सहा फुटी दोन फोल्डिंग टेबलं शेजारी शेजारी, भिंतीत प्लगची एकच जागा, आणि दिवसभर मुलांचे हात लागणार हे गृहीत. शेजारच्या आजोबांनी त्यांच्या माळ्यावरची एचओ स्केलची (खेळण्यातल्या गाड्यांचं एक ठरलेलं माप) गाडी देऊ केली होती, इंजिन, चार डबे आणि पॉवर पॅक, म्हणजे रुळांना वीज देणारा आणि वेग कमी-जास्त करणारा डबा. गाडी फुकट मिळाली म्हणून सगळे खूश होते, पण माझ्या डोक्यात पहिल्या दिवसापासून उजेडाचाच विचार होता. अशी गावं मी बरीच बघितली आहेत आणि मला ठामपणे वाटतं की लोकांचे पैसे घरं विकत घेण्यात जातात आणि गाव मात्र फिकं दिसतं. शंभर डॉलरचं चिनीमातीचं चर्च ट्यूबलाईटखाली ठेवलं तर ते शोकेसमधल्या वस्तूसारखंच दिसणार. उलट पुठ्ठ्याचं खोकं नीट उजळलं तर मुलं खाली वाकून खिडकीतून आत कोण आहे ते बघतात.

म्हणून पहिलं काम खरेदीचं नव्हतंच, टेबल कुठे ठेवायचं ते ठरवायचं होतं. लायब्ररीने खिडकीजवळची जागा काढून ठेवली होती, तिथे दुपारी चारपर्यंत ऊन येतं. मी ग्रंथपालबाईंना विनंती केली की दोन पुस्तकांच्या कपाटांमधला तो मागचा कोपरा द्या आणि वरच्या दिव्यांची तेवढी एक ओळ बंद ठेवा. त्यांना आधी पटलं नाही, कोपऱ्यात कोण बघणार असं त्यांचं म्हणणं होतं. मग मी एका संध्याकाळी पुठ्ठ्याचं एकच घर आणि एक एलईडी घेऊन गेले आणि दोन्ही जागी ठेवून दाखवलं. खिडकीजवळ दिवा लागलाय की नाही हेच कळत नव्हतं, कोपऱ्यात मात्र घर जिवंत झालं. एवढ्यावर काम झालं. अंधार फुकट मिळतो आणि त्याच्यावर सगळं अवलंबून आहे, हे मी प्रत्येकाला सांगत असते.

आता स्केलचं बघू, कारण इथेच बहुतेक गावं फसतात. एचओ म्हणजे १:८७, खऱ्या गाडीच्या ८७ वा भाग, रुळांची रुंदी साडेसोळा मिलिमीटर. दुकानात जी चिनीमातीची उजेडाची घरं मिळतात, डिपार्टमेंट ५६ या कंपनीने १९७६ पासून जी काढायला सुरुवात केली त्या धाटणीची, ती साधारण १:५५ ते १:६० च्या आसपास असतात आणि तेही सगळीकडे सारखं नसतं, एकाच घराचं दार मोठं आणि मजला छोटा असंही असतं. अशा घराच्या शेजारून एचओ गाडी गेली की गाडी घरातल्या पोराचं खेळणं वाटते. ज्यांना गाडी नव्याने विकत घ्यायची आहे त्यांनी ओएन३० मापाची बघावी, त्यात डबे १:४८ चे असतात पण रूळ एचओचेच, त्या घरांशी तिचं जमतं. आमच्याकडे गाडी आलेलीच होती, त्यामुळे आम्ही अंतराचा फायदा घेतला. मोठी घरं पुढे, बघणाऱ्याच्या जवळ आणि रुळापासून लांब, छोटी घरं मागे रुळाच्या पलीकडे, आणि मध्ये झाडांची रांग म्हणजे मोठं घर आणि डबा एकाच नजरेत शेजारी शेजारी येत नाहीत. बघणाऱ्याला मागची घरं लांबची वाटतात आणि टेबल आहे त्यापेक्षा खोल वाटतं.

मागची छोटी घरं मुलांनीच केली. लायब्ररीत शनिवारी दुपारी क्राफ्टचा कार्यक्रम असतो, त्यात सीरियलची रिकामी खोकी आणि पांढरा गोंद एवढ्यावर काम झालं. ही काही नवी युक्ती नाही बरं का, १९२० च्या दशकाच्या शेवटापासून जपानमधून पुठ्ठ्याची अशी छोटी घरं अमेरिकेत यायची, सेलोफेनच्या खिडक्या, छपरावर चमकी, आणि मागे एक गोल भोक, त्यात झाडावरच्या माळेचा बल्ब घालायचा. स्वस्तातल्या दुकानांत काही सेंटमध्ये मिळायची, आज लोक तीच जुनी घरं चांगले पैसे देऊन जमवतात. मी मुलांना फक्त एकच माप दिलं, दार २५ मिलिमीटर उंच, कारण सात फुटांचं दार ८७ ने भागलं की साधारण तेवढंच येतं. दाराचं माप बरोबर असलं की बाकी घर वेडंवाकडं असलं तरी डोळा स्वीकारतो. एका मुलीने चार मजली घर केलं, एकाने छपरावर माकड बसवलं, सगळं ठेवलं.

पुढची मोठी घरं सेकंडहँड दुकानातून आणली, पाच घरं मिळून २४ डॉलर. दोन घरांची धुराडी तुटलेली होती, त्यावर बर्फ चढवला की कळत नाही. त्यांच्याबरोबर त्यांच्या वायरी आणि जुने सी७ बल्बही आले, पण ते मी बाजूला काढून ठेवले. हा बल्ब पाच ते सात वॅटचा असतो आणि चांगला तापतो. आमचं सगळं गाव फोमवर आणि पुठ्ठ्यात, शिवाय आजूबाजूला मुलं, तिथे तापणारा बल्ब आणि १२० व्होल्टची वायर नकोच. हा मुद्दा पैशाचा नाहीच, फोम पेट घेतो, त्यामुळे फोमवर गाव करायचं तर फक्त एलईडी.

आणि आता चार्जर. बाजारात १२ व्होल्टचे वायर जोडलेले एलईडी मिळतात, वायरीत रेझिस्टर, म्हणजे करंट कमी करणारा छोटा भाग, आधीच बसवलेला असतो, ५० चं पाकीट मला ११ डॉलरला पडलं. घेताना वॉर्म व्हाईट लिहिलेलंच घ्या, साधा पांढरा घेतला तर घरात दवाखान्यासारखा निळसर उजेड पडतो. हे एलईडी १२ व्होल्टवर लावले तर फार प्रखर लागतात, खिडकीतून टॉर्च मारल्यासारखे. पण तेच मोबाईलच्या जुन्या ५ व्होल्टच्या चार्जरवर लावले तर मंद, शांत जळतात. हिशोब सोपा आहे, पांढरा एलईडी स्वतः साधारण ३ व्होल्ट घेतो, रेझिस्टर ४७० ओहमचा धरला तर १२ व्होल्टवर ९ व्होल्ट उरतात म्हणजे जवळपास १९ मिलिअँपिअर, आणि ५ व्होल्टवर जेमतेम २ व्होल्ट उरतात म्हणजे ४ च्या आसपास. करंट चौथा हिस्सा झाला तरी डोळ्याला उजेड चौथा हिस्सा वाटत नाही, बराच जास्त वाटतो, आणि अंधाऱ्या कोपऱ्यात तेवढाच हवा असतो. सगळ्या गावाचे दिवे मिळून पाव अँपिअरसुद्धा लागत नाही, कुठलाही पडून असलेला १ अँपिअरचा चार्जर पुरतो. पॉवर बँक मात्र नको, इतका कमी करंट दिसला की बऱ्याच पॉवर बँका आपोआप बंद होतात.

यूएसबीची खराब केबल कापली की आत लाल आणि काळी वायर मिळते, लाल प्लस, काळी मायनस, हिरवी आणि पांढरी डेटाच्या, त्या टेप लावून बंद करायच्या. स्वस्त केबलमध्ये रंगांचा भरवसा नसतो म्हणून मल्टीमीटरने तपासून घ्यायचं. बोर्डाखालून दोन मुख्य वायरी नेल्या, त्या जुन्या नेटवर्क केबलमधून सोडवून काढल्या, एका केबलमध्ये आठ बारीक तांब्याच्या वायरी असतात आणि इतक्या कमी करंटला त्या आरामात चालतात. जोडायला स्क्रूवाल्या पट्ट्या घेतल्या, त्या आणि बाकी किरकोळ सामान मिळून ९ डॉलर. सोल्डरिंग जमत नसेल तरी अडत नाही.

एक गोष्ट सगळ्यांनी उचलावी अशी. दिवा घराला लावायचा नाही, जमिनीला लावायचा. फोममध्ये भोक पाडायचं, त्यातून ज्यूस प्यायच्या स्ट्रॉचा दोन इंची तुकडा वर काढायचा आणि त्याच्या टोकाला एलईडी. घर नुसतं त्याच्यावर ठेवायचं. पुठ्ठ्याच्या घरांना तळ ठेवलाच नव्हता, आणि चिनीमातीच्या घरांना खाली किंवा मागे भोक असतंच. मुलाने घर उचललं तर उचलू दे, वायर तुटत नाही, दिवा विझत नाही, परत ठेवलं की झालं. महिनाभर मुलांनी किती घरं हलवली असतील याची गणती नाही, आणि एकही दिवा बंद पडला नाही.

घराच्या आतही काम असतं. पुठ्ठा पातळ असतो, दिवा लावला की भिंतींतूनच उजेड झिरपतो आणि सगळं घर कंदिलासारखं पेटतं, खिडकी वेगळी दिसत नाही. त्यावर आतून स्वयंपाकघरातली अॅल्युमिनियम फॉईल चिकटवायची, खिडक्या सोडून. फॉईलचा दुसरा फायदा म्हणजे उजेड आत फिरतो आणि मंद दिवासुद्धा पुरतो. खिडकीला बटर पेपर. एलईडीचं तोंड खिडकीकडे ठेवायचं नाही, छताकडे ठेवायचं, म्हणजे बटर पेपरवर गोल ठिपका न दिसता सारखा उजेड पसरतो. आणि माझा आग्रह असतो की प्रत्येक घराच्या एक-दोन खिडक्या आतून काळा कागद लावून बंद करायच्या. खऱ्या घरात रात्री सगळ्या खोल्यांत दिवे चालू नसतात. सगळ्या खिडक्या पेटलेलं घर ऑफिससारखं दिसतं, आणि एकच वरची खिडकी चालू असली तर मुलं विचारतात की तिथे कोण जागं आहे. एका घरात तर दिवाच ठेवला नाही, मुलांनी लगेच ठरवून टाकलं की ते लोक आजीकडे गेलेत.

रस्त्यावरचे छोटे दिव्याचे खांब १२ डॉलरला दहा मिळाले. हे बहुतेक ३ व्होल्टचे असतात, सरळ ५ व्होल्टवर लावले तर जळतात, प्रत्येकाला २२० ओहमचा रेझिस्टर लागतो, पाकिटात बरेचदा वेगळा दिलेला असतो पण १२ व्होल्टच्या हिशोबाचा, त्यामुळे आकडा बघून घ्या. दहांपैकी मी सहाच लावले. चर्चसमोर दोन, स्टेशनवर दोन, पुलावर एक आणि तळ्याकाठी एक. लुकलुकणारं काहीच ठेवलं नाही, रंगीत माळा पण नाहीत. लायब्ररीतल्या एका ताईंना झाडावर रंगीत फेअरी लाईट हवेच होते, तर चौकातल्या एकाच झाडावर लाल-पिवळ्या बारीक पाच दिव्यांचा तुकडा लावला. गावात रंगीत एकच जागा असल्यामुळे नजर बरोबर तिथे जाते.

जमीन म्हणजे घरबांधणीच्या दुकानातला इन्सुलेशनचा गुलाबी फोम, एक इंच जाड, चार बाय आठ फूट, २८ डॉलर. त्यातला सहा फूट बोर्ड, उरलेल्या दोन फुटांतून टेकड्या. आमच्याकडे गणपतीच्या मखरासाठी घरात फोम कापायची सवय नवऱ्याला लहानपणापासून आहे, डोंबिवलीच्या घरी तो आणि त्याचे काका थर्माकोलचे खांब करायचे, त्यामुळे टेकड्या, बोगदा आणि पुलाच्या कमानी त्याने दातेरी सुरीने एका दुपारी कापून दिल्या. महाराष्ट्रात २०१८ मध्ये थर्माकोलवर बंदी आली आणि ते बरंच झालं, हा फोमही कचऱ्यात जाण्यासारखा नाही, म्हणून बोर्ड दोन तुकड्यांत केला, दरवर्षी काढून ठेवता येईल असा. रंग पाण्यातलाच वापरायचा, स्प्रे पेंटने फोम वितळतो.

बर्फासाठी लोक गोधडीत घालतात तो पॉलिएस्टरचा कापूस सर्रास अंथरतात. रुळाजवळ तो मुळीच नको. त्याचे धागे इंजिनच्या आसाला गुंडाळतात, दातेरी चक्रांत जातात आणि मोटर जाम होते. मीठ किंवा चमकीची पूडही रुळाजवळ नको, मिठाने रूळ खराब होतात. आम्ही सगळा बोर्ड मॅट पांढऱ्या रंगाने रंगवला, अगदी शुभ्र न ठेवता त्यात थेंबभर निळा घातला कारण पिवळसर दिव्यांपुढे तो बर्फ थंड वाटतो, आणि छपरांवर, टेकड्यांवर भिंतीची भोकं बुजवायची हलकी पुट्टी गोंद मिसळून थापली. पुट्टी आणि रंग मिळून १४ डॉलर. झाडं जवळपास फुकट. इथे रस्त्याकडेला गोल्डनरॉडची झुडपं ऑक्टोबरमध्ये वाळलेली असतात, त्यांचे शेंडे म्हणजे हुबेहूब पानगळ झालेली झाडं. पाइनची फळं उलटी ठेवली की सूचिपर्णी झाडं. तळं म्हणजे जुन्या फोटोफ्रेमची काच, मागून राखाडी-निळा रंग दिलेली, कडा पुट्टीने झाकलेल्या. मागचा पडदा गडद निळ्या कापडाचा, कापड आणि टेबलाची झालर मिळून ८ डॉलर.

रूळ मात्र विकत घ्यावे लागले. आजोबांचे रूळ पितळेचे होते आणि काळे पडलेले, पितळेवरचा तो थर वीज नीट जाऊ देत नाही, घासला तरी परत येतो. वापरलेले निकेल सिल्व्हर या मिश्रधातूचे रूळ २० डॉलरला मिळाले, १८ इंच त्रिज्येचे बारा वळणाचे तुकडे आणि नऊ इंची सहा सरळ, त्याचा लंबगोल चार बाय सहा फुटांत बसतो. रूळ आणि चाकं ९१ टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली, बाटली ३ डॉलर. वीज दोन ठिकाणी जोडली, पुढे आणि मागे, नाहीतर लांबच्या टोकाला गाडी मंदावते. बोगद्याची उंची रुळापासून तीन इंच, आणि मागची बाजू उघडी, म्हणजे आत डबा घसरला तर हात जातो.

गावाचे दिवे गाडीच्या विजेवर लावू नका, हे फार लोक करतात. गाडी हळू केली की रुळातला व्होल्ट कमी होतो आणि अख्ख्या गावाचे दिवे मंदावतात. आमचे दिवे चार्जरवर, गाडी तिच्या पॉवर पॅकवर, दोन्ही एका स्विचच्या एक्स्टेंशन बोर्डात.

आजोबांनी गाडी देताना एकच अट घातली होती. ते म्हणाले, "गाडी पळवू नका. ती स्टेशनात येणारी पॅसेंजर आहे." मी हिशोब करून ठेवला. ताशी ३० मैल १:८७ मध्ये म्हणजे सेकंदाला सहा इंच, आमची एक फेरी १६७ इंचांची, म्हणजे अर्ध्या मिनिटाला एक फेरी. पॉवर पॅकच्या चकतीवर तिथे खूण केली आणि चकती टेपने बंद केली. दिवसभर गाडी चालू ठेवली तर जुनी मोटर तापते, म्हणून ९ डॉलरचं टायमर रिले लावलं, मुलांनी टेबलाच्या कडेचं मोठं लाल बटण दाबलं की दोन मिनिटं गाडी चालते, चार फेऱ्या, आणि थांबते. थांबते तिथे थांबते, कधी पुलावर कधी बोगद्यात. बटण दाबायला रांग लागायची, आणि गाडी थांबलेली असताना मुलं गाव बघायची, त्यामुळे तो थांबा मला फार उपयोगी वाटला.

सगळा खर्च १३८ डॉलर. त्यातली घरं फक्त २४ ची. १ डिसेंबरला गाव सुरू झालं आणि ६ जानेवारीला, थ्री किंग्ज डेला, काढलं. तक्रार आली ती उंचीची. टेबल ३० इंचांचं आणि तीन-चार वर्षांच्या मुलांना फक्त पुढची घरं दिसतात, बोगदा दिसत नाही. लायब्ररीने दोन पायऱ्यांचे स्टूल ठेवले पण तिथे ढकलाढकली व्हायची, तर पुढच्या वर्षी गाव २० इंचांवर आणायचं ठरलंय आणि पुढे पारदर्शक पट्टी लावायचीय. उरलेल्या १२ डॉलरमध्ये ती बसते का ते बघते आहे. २६ डिसेंबरनंतर दुकानांत निम्म्या किमतीत माल निघतो तेव्हा बाटली धुवायच्या ब्रशसारखी दिसणारी झाडं आणि माणसांचे छोटे पुतळे घेऊन ठेवावेत असं मी ग्रंथपालबाईंना सांगितलं, पुढच्या घरांजवळ मोठ्या मापाची माणसं आणि मागे एचओची, उलट नको.

ठेवताना घरं अंड्यांच्या ट्रेमध्ये आणि टिश्यूत, प्रत्येक वायरीला मास्किंग टेपवर नाव लिहून, रूळ कोरडे करून वर्तमानपत्रात. पुठ्ठ्याच्या घरांच्या खोक्यात सिलिकाच्या पुड्या टाकल्या कारण लायब्ररीचं तळघर ओलं असतं. इंजिन आजोबांकडे परत गेलं, ते दर काही आठवड्यांनी थोडं चालवून बघतात.